तो, ती की ते?

२०२२ च्या श्रावणात माझा भाचा शिकायला पुण्याला गेला आणि जाताना काचेची एक टाकी माझ्या नाशिकच्या घरात ठेवून गेला. टाकीत बोटाएवढे दोन प्राणी होते. "मावशी, चार महिने सांभाळ फक्त. दिवाळीत घेऊन जातो," असे तो म्हणाला होता. त्या चार महिन्यांना आता तीन वर्षे झाली.

प्राणी पाहून मी आधी दचकलेच. अंग गुलाबीसर पांढरे, चार आखूड पाय, शेपटीला पातळ पडदा, मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन लाल झुपकेदार कल्ले आणि तोंड कायम हसल्यासारखे. डोळ्यांना पापण्या नाहीत. भाच्याने नाव सांगितले, ॲक्सोलॉटल. दुकानदाराने त्याला छातीठोकपणे सांगितले होते की दोन्ही माद्या आहेत, खुशाल एकत्र ठेवा. म्हणून त्याने नावे ठेवली होती गंगा आणि गोदा. नाशिककरांना वेगळे सांगायला नको, आमच्याकडे ही एकाच नदीची दोन नावे आहेत.

सुमारे दीड वर्षाने कळले की गंगा ही गंगाराम आहे. हे कळायला जो उशीर झाला त्याची किंमत गोदाने मोजली. हा लेख त्या उशिराबद्दल आहे.

मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही. बी.कॉम. झाल्यावर सव्वीस वर्षे एका पतसंस्थेत खतावण्या सांभाळल्या. त्या कामाने एक सवय मात्र लावली. हिशेब जुळेना, की पहिल्या नोंदीपर्यंत मागे जायचे. गंगा-गोदाचा हिशेब चुकला तेव्हा मी तशीच मागे मागे वाचत गेले आणि आधी पॅरिसला व तिथून मेक्सिकोला पोहोचले.

मोठे न होणारे मूल

ॲक्सोलॉटल हा सॅलॅमँडर कुळातला, म्हणजे शेपटीवाला उभयचर प्राणी. आपल्या महाराष्ट्रात उभयचर म्हटले की बेडूक आणि कोकण-घाटातले बिनपायाचे देवगांडूळ. शेपटीवाले उभयचर आपल्याकडे नाहीत. भारतात ते पाहायचे तर दार्जिलिंगच्या बाजूला पूर्व हिमालयात जावे लागते. ॲक्सोलॉटलचे मूळ घर तर फार दूर, मेक्सिकोच्या खोऱ्यातली सोचिमिल्को आणि चाल्को ही सरोवरे. चाल्को आटवले गेले. सोचिमिल्कोचे उरले ते कालवे, आज मेक्सिको सिटीच्या दक्षिण टोकाला.

त्याचे नाव नाहुआत्ल भाषेतले आहे. 'आत्ल' म्हणजे पाणी आणि 'शोलोत्ल' हा तिथला एक देव, जुळ्यांचा आणि विद्रूपांचा. पाचवा सूर्य आकाशात चालू लागावा म्हणून सगळ्या देवांनी स्वतःचा बळी द्यायचे ठरवले, तेव्हा शोलोत्ल पळाला, अशी कथा सोळाव्या शतकात बर्नार्दिनो दे साहागुन या पाद्र्याने नोंदवून ठेवली आहे. आधी तो मक्याचे जोडकणीस झाला, मग घायपातीसारख्या मागेचे जोडझाड झाला आणि शेवटी पाण्यात शिरून ॲक्सोलॉटल झाला. तिथे तो सापडला आणि मारला गेला. रूप बदलत पळणाऱ्या देवाचे नाव मिळालेला हा प्राणी स्वतः मात्र रूप बदलत नाही, ही गंमत पुढे युरोपातल्या शास्त्रज्ञांना पुरती भोवली.

बेडकाचे पिल्लू पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेते, मग त्याला पाय फुटतात, शेपटी व कल्ले जातात आणि ते जमिनीवर येते. सॅलॅमँडरांचेही बहुधा असेच. पिल्लाच्या या अवस्थेला शास्त्रात डिंभ म्हणतात. अलेक्झांडर फॉन हुंबोल्टने मेक्सिकोहून आणलेले ॲक्सोलॉटलचे नमुने पॅरिसला कूव्हिएने तपासले, तेव्हा त्याचा निष्कर्ष असाच होता की हा कुठल्यातरी मोठ्या सॅलॅमँडरचा डिंभ असावा. मग प्रश्न आला, मोठा सॅलॅमँडर कुठे आहे? तो कुणाला दिसत नव्हता.

उत्तरासाठी जिवंत प्राणी हवे होते. १८६३ मध्ये, फ्रान्सचे सैन्य मेक्सिकोत असताना, तिथून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला पाठवले गेले. त्यातले सहा पुढच्या वर्षी जानेवारीत तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या ओग्युस्त द्युमेरीलच्या हाती आले. पाच नर आणि एक मादी. नरांपैकी एक पांढरा होता. जानेवारी १८६५ मध्ये त्या एकुलत्या मादीने अंडी घातली. डिंभ अंडी घालत नाहीत. म्हणजे कल्लेवाला हा प्राणी वयात आलेला होता. प्रश्न सुटला असे वाटत असतानाच त्या वर्षी या अंड्यांतून निघालेल्या काही पिल्लांचे कल्ले गळाले, शेपटीचा पडदा गेला आणि ती जमिनीवरचे सॅलॅमँडर झाली. आईबाप पाण्यातच 'मूल' राहिलेले आणि पोरे मोठी झालेली!

कोडे उलगडायला आणखी पन्नासेक वर्षे लागली. फ्रायबुर्गच्या मारी फॉन शोविन या बाईंनी १८७० च्या दशकात पाणी हळूहळू कमी करत, अतिशय निगुतीने, ॲक्सोलॉटल जमिनीवर आणून दाखवले. मग १९१३ मध्ये लाउफबर्गर या चेक संशोधकाने आणि १९२० मध्ये ज्युलियन हक्स्लीने त्यांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली आणि कल्ले गळाले. रूप बदलण्याची सोय ॲक्सोलॉटलच्या शरीरात आहे, पण ती सुरू करायचा संप्रेरकाचा निरोप पुरेसा जोरात निघत नाही. म्हणून तो देहाने डिंभच राहतो आणि त्याच देहात वयात येतो. (घरी हा प्रयोग कुणी करू नये. रूप बदललेले प्राणी बहुधा फार जगत नाहीत.)

द्युमेरीलने आपल्या वाढलेल्या वंशातले प्राणी युरोपभर वाटले. आज जगातल्या प्रयोगशाळांत आणि घरोघरच्या टाक्यांत असलेल्या ॲक्सोलॉटलांचा मोठा भाग त्या घराण्यातला आहे, आणि पांढऱ्या अंगाचा व काळ्या डोळ्यांचा वाण त्या एका पांढऱ्या नराकडे मागे जातो. पॅरिसच्या ज्या वनस्पती उद्यानात हे घडले तिथेच पुढे हुलिओ कोर्तासारची 'ॲक्सोलॉटल' ही कथाही घडते. साहित्याच्या वाचकांना हा प्राणी बहुधा त्या कथेतून माहीत असेल. मला मात्र तो आधी टाकीतून आणि मग कथेतून भेटला.

नाशिकचा उन्हाळा आणि सोचिमिल्कोचे पाणी

पाळण्याबद्दल मला जे उमगले ते थोडक्यात सांगते, कारण नर-मादी ओळखण्याशी त्याचा संबंध आहे. आजारी किंवा उपाशी प्राण्याकडे पाहून काहीच ओळखता येत नाही.

पहिली गोष्ट तापमान. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे. ॲक्सोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २४ च्या वर गेले की तो अन्न सोडतो, अंगावर बुरशी धरते. आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो. पहिला उन्हाळा मी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या टाकीत सोडून आणि पृष्ठभागावर पंखा लावून काढला. रात्री दोनला उठून बाटली बदलायची. त्यात पाणी एकदम गार, एकदम कोमट होई, आणि हा चढउतारही त्यांना बाधतो. शेवटी चिलर घेतला. तो टाकीपेक्षा महाग पडला. आपल्या हवेत हा प्राणी पाळायचा तर आधी चिलर आणि मग प्राणी, असा क्रम हवा.

दुसरी गोष्ट पाणी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांच्या कातडीला व कल्ल्यांना जाळते, ते काढूनच पाणी घालावे लागते. त्यांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. स्पंज फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे जीवाणू जम धरायला महिना-दीड महिना घेतात. छंदी लोक याला 'टाकी सायकल करणे' म्हणतात. तोवर प्राणी सोडू नयेत. प्रवाह संथ हवा, उजेड मंद हवा आणि लपायला जागा हवी. मी मातीचे एक फुटके मडके आडवे ठेवले आहे.

तळाशी खडे नकोत. ॲक्सोलॉटल तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, खडाही त्याबरोबर जातो आणि आतड्यात अडकतो. अगदी बारीक वाळू किंवा उघडी काच बरी.

अन्न म्हणजे गांडूळ. यात माझी एक फजिती झाली. गांडूळखताच्या टोपलीतले लाल गांडूळ आयतेच हाताशी होते, पण दोघेही ते तोंडात घेऊन थुंकत. त्यांच्या अंगातून कडू स्राव सुटतो. परसातल्या ओल्या मातीतले मात्र आवडीने खाल्ले. द्राक्षबागेतली गांडुळे आणायची नाहीत, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. बागेत काय काय फवारतात ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

हिशेब चुकतो तो दिवस

२०२३ चा डिसेंबर. नाशिकला चांगली थंडी पडली होती, चिलर बंदच होता आणि टाकीचे पाणी आपोआप १५ अंशांवर आले होते. एका सकाळी टाकीच्या तळाला जेलीचे बारीक सुळके चिकटलेले दिसले, प्रत्येकाच्या टोकाला पांढरा ठिपका. मला वाटले बुरशी. मी त्यातले बरेच नळीने ओढून काढले.

ती बुरशी नव्हती. ॲक्सोलॉटलमध्ये नर आणि मादी अंगाला अंग लावून मीलन करत नाहीत. नर शेपटी हलवत मादीपुढे चालतो आणि तळावर शुक्राणूंची टोपी असलेले जेलीचे सुळके ठेवत जातो. मादी त्यावरून जाताना ती टोपी आपल्या अंगात उचलून घेते. गर्भधारणा आतच होते आणि मग एक-दोन दिवसांत ती पानांवर एक-एक करून अंडी चिकटवते.

दुसऱ्या दिवशी पाणवनस्पतीच्या प्रत्येक फांदीला साबुदाण्यासारखे पारदर्शक मणी लागलेले होते, आत काळा ठिपका. मी मोजायला बसले आणि ३४० नंतर मोजणे सोडले. भाच्याला फोन केला.

"मावशी, गंगानं अंडी घातली?"

"गोदानं. गंगा बाप झालाय."

खरे सांगते, मला तेव्हा आनंदच झाला. वीस अंडी ठेवली. उरलेली, गर्भाला आकार येण्याआधी, फ्रीझरमध्ये ठेवली आणि मग टाकून दिली. ते काम करताना हात जड झाला, पण एका मादीची शेकडो पिल्ले वाढवणे घरात शक्य नाही. शिवाय दोघे एका दुकानातल्या एका खेपेतले, बहुधा सख्खी भावंडे होती.

मी चुकले ते त्यानंतर. मला वाटले, झाले आता वर्षभराचे. मी दोघांना एकत्रच राहू दिले. फेब्रुवारीत गोदाने पुन्हा अंडी घातली. या वेळी मी मोजली नाहीत, कारण लक्ष तिच्याकडेच गेले. तिचे पोट आत गेले होते, डोके अंगापेक्षा रुंद दिसत होते, कल्ले फिके आणि आखडलेले. गांडूळ समोर धरले तरी तोंड फिरवी. शेकडो अंड्यांमधला सगळा बलक तिच्याच अंगातून गेला होता आणि ती भरपाई करायला मी तिला दोन महिनेही दिले नव्हते. नर सोबत असला की तो थांबत नाही, आणि मादीला टाकीत पळून जायला जागा नसते. सोचिमिल्कोच्या कालव्यात ती निघून गेली असती.

मी दुसरी टाकी आणली. गोदाला वेगळे केले, गांडुळाचे बारीक तुकडे चिमट्याने रोज संध्याकाळी देत राहिले. पंधराव्या दिवशी तिने पहिला तुकडा घेतला. अंग पूर्ववत व्हायला तीन महिने लागले. दुकानदाराच्या एका वाक्यावर मी दीड वर्ष विसंबले. त्यात त्याची चूक होतीच, पण दीड वर्ष डोळ्यांपुढे असलेली खूण मी पाहिली नव्हती, ही माझी.

कुठे पाहायचे

ती खूण अशी. मागच्या पायांच्या मागे, शेपटी सुरू होते तिथे, खालच्या बाजूला एक उभी फट असते. मल, मूत्र आणि प्रजनन या सगळ्यांचे ते एकच द्वार. शास्त्रात त्याला अवस्कर म्हणतात. वयात आलेल्या नरात या फटीच्या दोन्ही बाजू ग्रंथींमुळे फुगतात. वरून पाहिले तरी शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे फुगवटा डोकावतो. मादीत ही जागा सपाट किंवा किंचित उंचावलेली असते.

प्राण्याला हातात उचलून उलटे करू नये. त्याची कातडी नाजूक असते आणि हाडेही पुरती टणक नसतात. टाकीतलेच पाणी घातलेल्या पारदर्शक डब्यात त्याला अलगद सोडावे आणि डबा उचलून खालून पाहावे. मिनिटभर पुरे.

आता यातली मेख. हा फुगवटा साधारण वर्षभराच्या आत बहुधा दिसतच नाही. कुणाला बारा महिन्यांनी येतो, कुणाला अठरा, कुणाला त्याहून उशिरा. म्हणून बोटाएवढे पिल्लू दाखवून 'ही मादी' म्हणणारा माणूस अंदाज सांगत असतो. दुसरे असे की ही खूण एकाच बाजूने बोलते. फुगवटा आहे, तर नर. फुगवटा नाही, तर मादी किंवा अजून वयात न आलेला नर. फुगवटा नसण्यावरून काही सिद्ध होत नाही. पतसंस्थेत आम्ही म्हणायचो, पावती आहे म्हणजे पैसे भरले. पावती नाही म्हणजे भरले नाहीत असे नव्हे, शोधा.

बाकीच्या खुणांवर फार विसंबू नये. मादी गोलसर असते हे खरे, कारण पोटात अंडी असतात. पण भरपूर खाणारा नरही गोल दिसतो आणि उपाशी मादी सडपातळ. कल्ले किती झुपकेदार, हे पाण्यातल्या प्राणवायूवर आणि तापमानावर ठरते. रंगाचा लिंगाशी संबंध नाही. मादीचा निर्विवाद पुरावा एकच, अंडी.

अंगावर नराची खूण, पेशीत मादीची

शरीरावर नराला खूण आहे आणि मादीला नाही. पेशीच्या आत हेच चित्र उलटे आहे, आणि ते शोधणाऱ्या माणसाची युक्ती मला फार आवडते.

माणसात स्त्रीची लिंगगुणसूत्रे सारखी, एक्स-एक्स. पुरुषाची वेगळी, एक्स-वाय. कोंबड्यांत उलट असते, कोंबड्याची सारखी आणि कोंबडीची वेगळी. ॲक्सोलॉटलमध्ये कसे? त्याची लिंगगुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नव्हती. रूफस हम्फ्री या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात वेगळी वाट काढली. मादी होऊ घातलेल्या गर्भात त्याने नराच्या जननग्रंथीचा अंश बसवला. त्यातून काही प्राणी असे वाढले की जन्माने मादी, पण कामाने नर. मग त्यांची जोडी साध्या माद्यांशी लावली. म्हणजे दोन्ही पालकांची गुणसूत्रे मादीचीच.

मादीची दोन्ही सारखी असती तर या जोडीची सगळी पिल्ले माद्या निघायला हवी होती. तसे झाले नाही. सुमारे तीन माद्यांमागे एक नर निघाला. हे तेव्हाच शक्य आहे जेव्हा मादीकडे दोन वेगळी गुणसूत्रे असतील. म्हणजे ॲक्सोलॉटल कोंबड्यांच्या वाटेचा. नर झेड-झेड, मादी झेड-डब्ल्यू. या जोड्यांतून डब्ल्यू-डब्ल्यू अशाही माद्या निघाल्या, आणि त्यांची सगळी संतती मादीच झाली.

हम्फ्रीचे प्राणी १९५७ मध्ये इंडियाना विद्यापीठात गेले. पुढे २००५ मध्ये तो संग्रह केंटकी विद्यापीठात हलला. तिथून आजही संशोधकांना प्राणी पुरवले जातात. २०१८ मध्ये ॲक्सोलॉटलचा जनुकसंच वाचला गेला. तो माणसाच्या दहापट मोठा, ३२ अब्ज अक्षरांचा आहे. त्याच वर्षी डब्ल्यू गुणसूत्रावरचा, फक्त मादीत असणारा भागही सापडला. तो सुमारे तीन लाख अक्षरांचा, म्हणजे एकूण मजकुराच्या लाखातला एक भाग. एका कणभर नमुन्यावरून तो भाग आहे की नाही हे प्रयोगशाळेत तपासता येते. आहे, तर मादी. त्यासाठी अठरा महिने थांबावे लागत नाही. आमच्यासारख्या घरी पाळणाऱ्यांना मात्र थांबणे हाच उपाय.

पाच पिल्ले आणि गोदावरी

ठेवलेल्या वीस अंड्यांतून पिल्ले दोन-अडीच आठवड्यांत बाहेर आली. सुरुवातीला ती हलणारेच भक्ष्य पकडतात, म्हणून रोज आर्टेमियाची अंडी मिठाच्या पाण्यात उबवून त्यातले कण घालायचे. पुढचे पाय फुटले की ती एकमेकांचे पाय तोडतात. तुटलेला पाय काही आठवड्यांत बोटांसकट पुन्हा येतो, आणि याच गुणामुळे प्रयोगशाळांना हा प्राणी हवा असतो. पण प्रत्येक पिल्लू वाचत नाही. वीसातली पाच जगली.

मागणी लगेच आली. भाच्याचे मित्र, मित्रांचे मित्र. प्रत्येकाचे शब्द एकच, "जोडी द्या." मी एकालाही दिली नाही. जोडी कुठली, हे मला सांगता येत नव्हते. आणि सांगता आले असते तरी ती भावंडांची जोडी झाली असती. त्यातून कायदाही आहे. ॲक्सोलॉटल १९७५ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये नियम आले. अशा परदेशी प्राण्यांचा ताबा, हस्तांतर आणि जन्म यांची नोंदणी करावी लागते आणि मृत्यूही कळवावा लागतो. दुकानात प्राणी घेताना हे कुणी सांगत नाही.

शेजारच्या अण्णांनी प्रेमाने सल्ला दिला, "ताई, कशाला जीव जाळता? गंगेवर नेऊन सोडा. पुण्य लागेल."

मी त्यांना सोचिमिल्कोची गोष्ट सांगितली. तिथे १९७० आणि ८० च्या दशकांत लोकांना स्वस्त मासे मिळावेत म्हणून कार्प आणि तिलापिया सोडले गेले. तिलापिया म्हणजे उजनीच्या काठी ज्याला चिलापी म्हणतात तो. हे मासे ॲक्सोलॉटलची अंडी आणि पिल्ले खातात. त्यात शहराचे सांडपाणी कालव्यांत आले. १९९८ मध्ये तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल मोजले गेले. २००३ मध्ये १,०००, २००८ मध्ये १०० आणि २०१४ मध्ये ३६. सोडणाऱ्यांचा हेतू तिथेही चांगलाच होता. आपली पाच पिल्ले गोदावरीच्या उन्हाळी पाण्यात जगणार नाहीत हे उघड आहे. पण त्यांच्या अंगावरचे रोगजंतू इथल्या बेडकांना लागणारच नाहीत, याची खात्री कोण देणार?

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे घरोघरी आहेत, आणि घरी नाहीत."

इतके नेमके मला सांगता आले नसते. जगभर टाक्यांत आणि प्रयोगशाळांत ॲक्सोलॉटल अमाप आहेत. मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर २०२१ पासून त्याचे चित्र आहे. पण रानात तो नामशेष होण्याच्या काठावर आहे, आणि टाकीतले प्राणी तिथे नेऊन सोडणे हा उपाय नाही. मूठभर पूर्वजांचा हा वंश दीडशे वर्षे आपसातच वाढला. त्यात हम्फ्रीने १९६२ मध्ये रंगासाठी टायगर सॅलॅमँडर या वेगळ्या जातीचे रक्त मिसळले. दुकानात मिळणारे सोनेरी ॲक्सोलॉटल त्या संकराचे वारस. माझ्या गोदाने हजार अंडी घातली तरी सोचिमिल्कोच्या हिशेबात शून्यच जमा होते.

तिथला हिशेब तिथेच जुळवावा लागतो, आणि ते काम चालू आहे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठातले लुइस सांब्रानो आणि त्यांचे सहकारी चिनांपांच्या, म्हणजे सरोवरात माती भरून केलेल्या पारंपरिक शेतवाफ्यांच्या, कालव्यांना जाळ्या लावतात. त्याने मोठे मासे बाहेर राहतात आणि पाणी गाळले जाते. त्यासाठी शेतकऱ्याने रसायने सोडावी लागतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बंदिवासात वाढवलेले १८ ॲक्सोलॉटल अशा जागी व एका कृत्रिम पाणथळीत, अंगात छोटे ट्रान्समीटर बसवून सोडले होते. निरीक्षणाच्या काळात ते जगले, आणि जे पुन्हा हाती लागले त्यांचे वजन वाढलेले होते.

व्याकरणाची सोय

आपल्या भाषेत एक सोय आहे, ती मला या तीन वर्षांत नव्याने कळली. बैल तो, गाय ती, पण वासरू ते. घोडा, घोडी आणि शिंगरू. करडू, कोकरू, रेडकू, पाडस, पिल्लू, सगळी 'ते'. मोठे होईपर्यंत मराठी त्यांना नर-मादीत ओढत नाही. प्राणी हा शब्द पुल्लिंगी म्हणून या लेखात ॲक्सोलॉटलला मी सरसकट 'तो' म्हटले. घरात मात्र पाचही पिल्लांना आम्ही पहिल्या दिवसापासून 'ते'च म्हणत आलो. दर महिन्याच्या एक तारखेला पारदर्शक डबा काढायचा, खालून पाहायचे आणि वहीत लिहायचे. तेरा महिने प्रत्येकापुढे एकच नोंद होती, 'अजून नाही.'

चौदाव्या महिन्यात एकाला फुगवटा दिसला, सतराव्यात दुसऱ्याला. ते दोघे 'तो' झाले आणि त्याच दिवशी गंगारामच्या टाकीत गेले. उरलेली तीन आता एकवीस महिन्यांची आहेत. पोटे गोल आहेत, फुगवटा नाही. माद्याच असणार, असे कुणीही म्हणेल. पण मला माहीत असलेला पक्का पुरावा एकच आहे आणि तो मला घ्यायचा नाही. ती तिघे गोदाबरोबर पलीकडच्या टाकीत राहतात. वहीत त्यांच्यापुढे मी अजूनही 'ते' लिहिते, आणि एक तारखेला डबा काढते.